वरकुट्याचा मंगळ

‘हात मागं!’ असं म्हणून सर आधी स्वतःचेच हात पाठीमागे बांधायचे. पोरं गाडीची चाचणी घेत असली, की त्यांच्याभोवती ते असेच फिरत. मंगळावर गाडी अडली तर धक्का मारायला तिथं कोण बसलंय, हा त्यांचा नेहमीचा सवाल. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, एका गोष्टीनं झपाटलेला. बाकीच्यांना त्याच्यापासून जरा जपूनच राहावं लागतं.

बारामतीच्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ते मेकॅनिकलला शिकवायचे, मी शेजारच्या इलेक्ट्रॉनिक्सला. परग्रहावर फिरणाऱ्या गाड्यांची, म्हणजे रोव्हरची, विद्यार्थ्यांसाठी देशपातळीवर एक स्पर्धा असते. तिच्या अंतिम फेरीत एकदा तरी आपली पोरं न्यायची, हा सरांचा ध्यास. दरवर्षी पहिल्याच फेरीत आमचं घोडं अडायचं. आणि येत्या मे महिन्यात सर निवृत्त होणार होते.

सराव त्यांच्या गावी, वरकुट्याला, मुरमाच्या खाणीत चाले. तांबडा मुरूम, दगडगोटे, सावली औषधालाही नाही. सर तिला सरळ मंगळच म्हणत. सरांच्या घरून वहिनी फोनवर शांतपणे सांगायच्या, ‘मंगळावरनं येताना दूध आणा.’

पृथ्वीवरून मंगळावर संदेश पोचायला काही मिनिटं लागतात. त्याची सवय व्हावी म्हणून सर कुणालाच लगेच उत्तर देईनासे झाले. भर बैठकीत प्राचार्यांनी हजेरीचा अहवाल मागितला, तर हे छताकडे बघत बसले. कंटाळून प्राचार्य पुढच्या विषयाकडे वळले, तेव्हा सर म्हणाले, ‘उद्या देतो.’ आमच्याकडे बहुतेकांचा कारभार असाच चालत असल्यानं त्यात कुणाला विज्ञान दिसलं नाही.

त्या शेवटच्या वर्षी गाडी खरंच जमली होती. पहिली फेरी खाणीतच होणार होती, परीक्षक कॅमेऱ्यावरून थेट बघणार होते. खाणीच्या या काठापासून त्या काठापर्यंत गाडी न्यायची, वाटेत माणसाचा हात लागला की बाद. संस्थेच्या अध्यक्षांना हे कळताच उद्घाटन ठरलं. मांडव आला, फ्लेक्स आला. फ्लेक्सवर अध्यक्षांचं अख्खं घर हसत होतं आणि गाडी खाली कोपऱ्यात, छापणाऱ्याच्या फोन नंबरशेजारी होती. अध्यक्षांनी गाडीला हार घातला आणि आस्थेनं विचारलं, ‘तिकडचा सातबारा कुणाच्या नावावर हाय?’ सरांनी हार काढून ठेवला आणि अध्यक्षांसकट सगळ्या गावाला मागे हटवलं.

गाडी निघाली. दगड ओलांडून उतार उतरली. पलीकडचा काठ अगदी तोंडाशी आला आणि मागचं एक चाक भुसभुशीत मुरमात रुतलं. पोरांनी गाडी मागे घेतली, पुढे घेतली, तसं चाक आणखी खाली गेलं. वेळ अजून शिल्लक होता, पोरं डोकं शांत ठेवून तोडगा काढत होती. गाव मात्र कासावीस झालं. आमच्या भागात उसाची ट्रॉली रुतली तर वाटेनं जाणारा परका माणूसही खांदा लावतो, ट्रॉली कुणाची ते नंतर विचारतो. गर्दीतले एक आबा बाह्या सावरत उठलेच. त्यांना अडवायला सर धावले. निदान आम्हाला तसं वाटलं. सर आबांना मागे टाकून थेट गाडीपाशी गेले, गुडघे टेकले आणि चाकाखाली हात घालून त्यांनी गाडी उचलून दिली.

गाडी काठाला लागली. गावानं टाळ्या वाजवल्या, अध्यक्षांनीही वाजवल्या. मग पोरांचे चेहरे बघून त्या हळूहळू थांबल्या.

मी जवळ गेलो. सर मुरमातच बसले होते. या खेपेला उत्तर यायला अजिबात वेळ लागला नाही, मी काही विचारायच्या आधीच आलं. ‘रुतली ओ ती. मला बघवंना.’ मला त्यांचा भयंकर राग आला होता, आणि तितकीच मायाही दाटून आली होती.

निवृत्तीनंतर सर फार दिवस जगले नाहीत.

यंदा फेरी पुन्हा त्याच खाणीत झाली. नव्या पोरांना नियम तोंडपाठ आहेत, गावालाही आता सगळं समजतं. गाडी रुतली तेव्हा कुणी जागचं हललं नाही. चाक नुसतंच फिरत राहिलं, मुरूम उडत राहिला. वेळ संपल्याची शिट्टी वाजली. आता हात लावायला कुणाचीच हरकत नव्हती, तरी बराच वेळ आम्ही सगळे तसेच उभे होतो.