आईला आलेला वास

ज्याला टेस्टर लावता येत नाही ते खरं मानायचं नाही, असा माझा स्वभाव. आळेफाट्याला मोटर रिवाइंडिंगचं दुकान आहे, दिवसभर करंटशीच खेळ. त्यामुळे हे लिहिताना अवघडल्यासारखं होतंय... पण घडलं ते असं.

मागच्या उन्हाळ्यातला रविवार, दुपारचे तीन. आळे गावातल्या आमच्या घरात पुढच्या खोलीत माझी चार वर्षांची मुलगी दिवाणावर झोपली होती. दिवाणाच्या पायाशी इलेक्ट्रिक स्कूटरची बॅटरी चार्जिंगला. तिचा मूळ चार्जर बिघडला होता, म्हणून मी दुकानातला दुसरा लावला होता — पिन बसत होती, व्होल्टेजही जवळपास तेवढंच. चूक माझीच, आधीच सांगतो.

आई मागच्या अंगणात कुरडया वाळवत होती. कोरोनात तिची वासाची जाणीव गेली ती परत आलीच नाही. दूध करपलं तरी तिला कळत नाही. ती एकदम आत आली नि दारातच थांबली.

"कसला वास येतोय रे? गोड-गोड... नखाला लावायच्या रंगासारखा."

मी चार्जर, बॅटरी, बोर्ड — सगळ्याला नाक लावलं. काही नाही. बॅटरी नेहमीसारखी कोमट. तसं तिला सांगितलं. तिनं वाद घातला नाही. झोपलेली पोर उचलली नि अनवाणीच तापलेल्या फरशीवरून बाहेर जाऊन लिंबाखाली उभी राहिली.

"ती पेटी भायेर काढ. तवर मी आत येनार न्हाई."

पोरगी रडायला लागली. आईचं समाधान म्हणून मी बॅटरी काढून अंगणाच्या कडेला मातीत ठेवली. हात धुवायला वळलो, तेवढ्यात शिट्टीसारखा आवाज... पांढरा धूर, मग जाळ. आणि तोच गोड वास. आता मलाही आला.

जाळ विझेपर्यंत आम्ही तिघं लांबच उभे होतो.

स्कूटरचा दुरुस्तीवाला म्हणाला, चुकीच्या चार्जरनं बॅटरी जास्त भरली, पेटायच्या आधी त्यातून गॅस सुटतो. पटलं. पण मग नाक लावूनही मला का नाही आला? आणि आईला कसा आला? संध्याकाळी तिच्यापुढं हिंग धरला, वार्निश धरलं. काहीच कळलं नाही तिला. नारायणगावच्या डॉक्टरांनाही कारण सांगता आलं नाही.

आता नवी बॅटरी आहे, चार्जिंग बाहेर पत्र्याखाली, तिच्याच चार्जरनं. तरी स्वस्थता नाही. परवा चहा पिता पिता आई मध्येच थांबली. काय झालं, मी विचारलं.

"काय न्हाई," म्हणाली.

तरी मी उठलो, नि सगळ्या खोल्या हुंगून आलो.