परक्या लग्नाचा बँड

वडिलांना कंपवात झाला तेव्हा मी मॅट्रिकला होते. हात थरथरत, त्याचं त्यांना फारसं काही वाटत नसे. पाय अडत, त्याची मात्र फार लाज वाटे. चालता चालता पावलं जमिनीला चिकटल्यासारखी थांबत आणि कितीही जोर लावला तरी सुटत नसत. कचेरीतली हेडक्लार्कची नोकरी त्यांनी त्यापायीच सोडली. संध्याकाळी त्यांना मुलुंडच्या आमच्या रस्त्यावरून फिरवून आणायचं काम माझ्याकडे आलं.

एकदा असेच ते नाक्यावर अडले. मी हात धरून उभी. तेवढ्यात मागून नवरदेवाची मिरवणूक आली. पुढे बँड, मागे घोडा. ढोलाचा ठेका जवळ आला आणि वडिलांनी माझा हात सोडला. ते चालू लागले. ताठ मानेनं, ठेक्यावर पाऊल टाकत, थेट बँडच्या मागे.

"बाबा, घर इकडे आहे!"

"चल गं, पाय सुटलेत."

ठेका वाढला तशी त्यांची पावलंही वाढली. चेहरा इतका खुलला होता की मलाच कसंतरी झालं. ओट्याओट्यांवर ओळखीची माणसं. कुणाच्या तरी लग्नात आपले वडील असे हसत चाललेत, हे मला बघवेना. मी मान खाली घालून मागून गेले.

मांडवाच्या दाराशी बँड थांबला. वडीलही थांबले, नेमके नवरीची आई आरती घेऊन उभी होती, तिच्यासमोर.

"काका, जरा बाजूला व्हा," एकजण म्हणाला. वडिलांनी प्रयत्न केला. पाय हलेनात.

"कोणाकडचे तुम्ही? मुलाकडचे?"

"कोणाकडचाच नाही," वडील पुटपुटले.

"जेवायला आलेत, दुसरं काय," मागून कुणीतरी म्हणालं. बोलावल्याशिवाय सख्ख्या भावाकडेही न जेवणारा माझा बाप. त्यांची मान खाली गेली. कुणी दंडाला धरून ओढलं, तर ते तोल जाऊन पडायलाच आले.

मी ढोलवाल्याजवळ गेले. "जरा वाजवा ना. वडिलांना चालायचंय."

तो हसला. त्याला थट्टा वाटली. मी रडतच पुन्हा सांगितलं, तेव्हा त्यानं वडिलांच्या पायांकडे पाहिलं आणि सवयीनं जलद ठेका धरला. वडील धडपडत पुढे झेपावले.

"हळू! हळू वाजवा!" मी ओरडले.

त्यानं ठेका उतरवला. घोड्यावरून नवरदेव बघतोय, आणि आम्ही दोघं त्या एकट्या ढोलावर बाहेर पडतोय. वडिलांनी माझ्याकडे पाहिलं नाही. मीही नाही.

घरी आल्यावर ते आईला एवढंच म्हणाले, "उशीर झाला." बाकीचं मी तिला स्वयंपाकघरात सांगितलं. त्यानंतर ते फिरायला कधी बाहेर पडले नाहीत.

काही दिवसांनी वडील खाटेवरून उठले की आई खलबत्ता घेऊन बसू लागली. सावकाश, एकसारखं कुटायची आणि ते त्या ठोक्यांवर मोरीपर्यंत जायचे. खलात काहीच नसायचं, हे त्यांना ठाऊक होतं. शेजारणीनं एकदा दारातून विचारलं, "रोज कसली हो चटणी?"

"शेंगदाण्याची," आई म्हणाली.

वडिलांचे कान लाल झाले. आई कुटत राहिली.