समुद्रकाठच्या पाहुण्यांना कृष्णाकाठ दाखवताना

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. माझी बी.ए.ची शेवटची परीक्षा झाली होती आणि निकालाची वाट बघत मी सांगलीतच थांबलो होतो. माणमधल्या आमच्या गावी जाऊन करायचं तरी काय? वडील मेंढरं घेऊन पाण्याच्या मुलखात गेले होते आणि आई धाकट्या बहिणीला शाळेतून काढायचं म्हणत होती. मला नोकरी लागली तर ते टळणार होतं.

एका सकाळी आमच्या मराठीच्या सरांनी विश्रामबागेतल्या घरी बोलावलं. म्हणाले, "माझी बहीण आणि मेहुणे आलेत. मेहुणे कोकणात समुद्राकाठच्या एका गावी हेडमास्तर आहेत. त्यांना जूनपासून मराठीला शिक्षक हवाय. तुझं नाव मी सांगितलंय, पण स्वतः पारखल्याशिवाय ते कुणाला घेत नाहीत. उद्या मला पेपर तपासायला जावं लागणार. तू त्यांना दिवसभर सांगली-मिरज दाखव. बघण्यासारखं दाखव आणि नीट खाऊ घाल."

मी "हो सर" म्हणून बाहेर पडलो आणि फाटकाशीच थबकलो. चार वर्षांत मी सांगलीत काय पाहिलं होतं? कॉलेज, खोली, वाचनालय आणि खानावळ. बस्स.

त्या दिवशी मी भेटेल त्याला विचारत सुटलो. वाचनालयातल्या शिपायाला, सायकलवाल्याला, खोलीतल्या सोबत्याला. मग चांगल्या कागदावर दोन रकाने आखले. डावीकडे 'कला', उजवीकडे 'भोजन'. डाव्या रकान्यात गणपतीचं देऊळ, मिरजेतली तंबोऱ्यांची गल्ली, कृष्णेचा घाट आणि प्रत्येकापुढे ऐकीव माहिती. उजवीकडचा रकाना भरेना. सोबती नदीकाठच्या गावचा. तो म्हणाला, "समुद्रावरची मानसं हायती गड्या. मासं घाल खायला. न्हाई घातलं तर रुसून जातील." हे मला एकदम पटलं. पाहुण्याला त्याच्या आवडीचं वाढावं, एवढं तर आमच्या घरीही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी देवळात मी कागदावरचं सगळं म्हणून दाखवलं. दगड कसला, कोरीवकाम कसं. हेडमास्तर हात मागे बांधून ऐकत होते. मधूनच त्यांनी विचारलं, "यातलं तुम्हाला काय आवडतं?" हा प्रश्न कागदावर नव्हता. मी म्हटलं, "सगळंच." ते पुढच्या खांबाकडे वळले.

दुपारी घाटाजवळच्या एका खानावळीत त्यांना नेलं. नदीचे मासे, तिखटजाळ रस्सा. हेडमास्तरांनी एक घास घेतला आणि पाण्याचा तांब्या उचलला. "छान आहे," ते म्हणाले. बाईंनी, म्हणजे सरांच्या बहिणीनं, मासा नुसता बाजूला सारला. आपलं काय चुकलं ते मला कळेना. निदान आपण तरी आवडीनं खाताना दिसावं म्हणून मी मटणाचा तुकडा तोडावा तसा माशाचा मोठा लचका तोडला. आमच्या माणमध्ये मासा कुठला? मी आयुष्यात पहिल्यांदा खात होतो.

काटा नरड्यात अडकला. मी खोकू लागलो, डोळ्यांतून पाणी आलं. बाई उठून माझ्याजवळ आल्या. त्यांनी भाताचा घट्ट गोळा वळून माझ्या तोंडात कोंबला.

"गिळ मेल्या, चावू नको! अख्खा गिळ!"

मी गिळला. दुसऱ्या गोळ्याबरोबर काटा खाली गेला.

"यापूर्वी कधी मासे खाल्ले होतेस?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग आम्हाला कशाला घातलेस?"

"तुम्ही समुद्रावरचे म्हणून."

हेडमास्तर पहिल्यांदा हसले. "अहो, समुद्रावरच्या माणसाला नदीच्या माशात चिखलाचा वास येतो. आमचं पोट अजून रिकामं आहे. तुम्ही रोज कुठे जेवता? तिथे चला."

मला तिथे न्यायचं नव्हतं. शेणानं सारवलेली जमीन, बसायला पोती, जर्मनच्या पत्र्याची पोचे पडलेली ताटं. पण नाही कसं म्हणणार?

खानावळीच्या मावशी भाकऱ्या थापत होत्या. पाहुणे बघून त्यांनी हात पुसले. "या की, बसा. हेडमास्तर काय तुमी? ह्येचा सोबती सांगून गेला. ह्यो काल दिसभर गावात कुटं खायाला मिळतंय ते इच्यारत फिरला, आन् मला न्हाई इच्यारलं. चार वर्सं माझ्या हातचं खातोय, आन् पावन्यास्नी आनायची लाज वाटली व्हय रं?"

मी मान खाली घातली. भरलं वांगं, ज्वारीची भाकरी, कैरीचा ठेचा. हेडमास्तरांनी तीन भाकऱ्या खाल्ल्या. बाई चुलीजवळ जाऊन वांग्यात कूट किती घालता ते विचारून आल्या.

मिरजेत तंबोरे करणाऱ्या एका म्हाताऱ्या कारागिराकडे गेलो. आत शिरताच मी थांबलो. आढ्याला भोपळेच भोपळे टांगले होते, वाळलेले, पिवळट. मी कागद काढायचा विसरलो. "हे तर आमच्या विहिरीवरचे!" माझ्या तोंडून गेलं.

कारागिरानं वर पाहिलं. "कसली विहीर, बेटा?"

आमच्याकडे पोहायला शिकवताना पोराच्या पाठीला वाळका भोपळा बांधतात. वडील बांधण्याआधी प्रत्येक भोपळा कानाशी धरून बोटानं वाजवत. चीर असेल तर पाणी शिरणार आणि पोरगं बुडणार. मी हे सांगत सुटलो, गावच्या बोलीत, हातवारे करत.

म्हाताऱ्याला मजा वाटली. त्यानं पाच भोपळे माझ्यापुढे मांडले. "मग काढ यातला तंबोऱ्याचा."

मी एकेक कानाशी धरून वाजवला आणि सर्वांत जाड सालीचा, घट्ट आवाजाचा निवडला. म्हातारा खो खो हसला. "ह्यात माणूस तरंगेल, सूर बुडेल! आम्हाला पातळ सालीचा लागतो." मग त्यानं एक तयार तंबोरा आडवा घेतला, तारा टेकतात त्या घोडीवर तारेखाली सुताचा धागा सरकवला आणि तार छेडली. कोरडा आवाज एकदम भरून आला आणि खोलीत फिरत राहिला. मला वडिलांच्या कानाशी धरलेला भोपळा आठवला. इतकी वर्षं मी तो आवाज फक्त भीतीनं ऐकत आलो होतो. हे मी मोठ्यानं बोललो की मनात, मला आठवत नाही. हेडमास्तर मात्र माझ्याकडे बघत होते.

संध्याकाळी घाटावर भडंग खात बसलो. पाणी आटून पात्र दिसत होतं, वाळूत काकडीचे वेल होते. मला आता राहवेना. खिशातला कागद काढून मी म्हणालो, "सर, खरं सांगायचं तर हे सगळं मी लोकांना विचारून लिहिलंय. आज मीही हे पहिल्यांदाच बघितलं."

"ते मला देवळातच कळलं," हेडमास्तर म्हणाले. "आमच्यापेक्षा तुम्हीच जास्त वर बघत होता." मग त्यांनी विचारलं, "मुलांना तुम्ही भोपळ्याबद्दल बोललात तसं शिकवाल, की देवळाबद्दल बोललात तसं?"

मी म्हटलं, "भोपळ्यासारखं शिकवायला मला अजून शिकावं लागेल."

"मग जूनमध्ये या. निकाल लागला की पत्र टाका. आणि समुद्राबद्दल आधी कुणाला विचारून लिहून आणू नका."

बहिणीची शाळा सुटली नाही. जूनमध्ये पत्र्याची ट्रंक घेऊन मी त्या गावी उतरलो तेव्हा समुद्र खवळलेला होता आणि मी तो आ वासून किती वेळ बघत राहिलो, देव जाणे. त्या रात्री हेडमास्तरांच्या घरी जेवायला बसलो. बाईंनी माशाची वाटी ठेवण्याआधी माझ्या ताटाच्या कडेला भाताचा एक घट्ट गोळा वळून ठेवला.