भासऱ्याइच्या रायफलीचा दस्ता

आमच्या भासऱ्याइतका लाकडाचा पारखी आन् डुकराइचा जिवाभावाचा सोयरा पैनगंगेच्या ह्या काठाले दुसरा झाला नाई. भासरे म्हनजे माह्या मालकाचे थोरले भाऊ. मालक तापानं गेले, तवापासून घरात कर्ता मानूस तेच. पन भासऱ्यापुढं तोंडावरचा पदर काढाचा नाई, बोलाचं तं नाईच, अशी आमच्याकडली रीत. म्हनून आमचं सारं बोलनं हिऱ्या बैलाच्या मार्फत. ते म्हनत, "हिऱ्या, घरात इचार बरं, भाकरी झाल्या काय?" मंग मी बैलाकडं पाहून सांगो, "हिऱ्या, डुकरं ज्वारी खाऊन राह्यले, तं भाकरी कायच्या होतीन?" हिऱ्या दोघाइचं आयके आन् रवंथ करे. घरात तेवढाच एक शहाना.

भासऱ्याइपाशी बापाच्या वेळची लायसनवाली रायफल होती, वरून दुर्बीन. तिच्यानं एक डुक्कर मेलं नाई, पन बार काढला का कळप पळे, आमाले तेवढं पुरे. बाकी टाइमाले भासरे दुर्बीन काढून ओट्यावर बसत आन् फाट्यावर बस आली का थे गावाले सांगत. एकदा "आली, आली!" म्हनून बायाइले बाजाराचे टोपले डोक्यावर घेऊन पळवलं. जाऊन पाह्यलं तं कडब्याची गाडी. "बसच होती," म्हने हिऱ्याले, "मधात वळली."

ज्वारीत दाना भरत आला आन् नेमका हिऱ्यानं रायफलीवर पाय देल्ला. दस्ता, म्हनजे खांद्याले टेकवाचं लाकूड, मधातून फाटला. जंगलाले लागून आमचं वावर, त्या ज्वारीवरच साल काढाचं. दुसऱ्यानं तार गुंडाळली असती आन् मोकळा झाला असता. आमच्या भासऱ्याइले लाकूड पाहाचं नव्हतं, जावई पाहाचा होता. सागवान चिरते, बाभूळ जड, आंब्यात जीव नाई. लाकूड नाकाले लावत, बोटानं वाजवत, कान देत, जीभसुदा लावून पाहत. भीमपूरचा सुतार कावला, "दादा, दस्ता कराचा हाय का कालवन?" इकडं मी वावरातल्या माळ्यावर बसून डबा वाजवू वाजवू वावर राखून राह्यली. हात सुजले. डुकराइले डब्याची अशी सवय झाली का मले वाटे, आता नाचतीन.

सेवटी आमच्याच मोडक्या गाडीचं शिसम पसंत पडलं. मंग माह्या काजळाच्या डबीवर धाड आली. रायफलीच्या लोखंडाले काजळ लावाचं, लाकडात दाबाचं, जिथं काजळ बोटाले लागलं तेवढंच खरडाचं. पुन्हा काजळ, पुन्हा दाबनं. तोंड असं काळं का हिऱ्या बुजला. एक दिवस हुकूम आला, "हिऱ्या, घरात सांग, एक हात दोरी पाह्यजे. घरातल्याच हातानं मोजून." हात म्हनजे कोपरापासून बोटाच्या टोकावरोक. मी म्हनलं, "हिऱ्या, त्याइचा हात गहान पडला काय?" पन तोडून देल्ली. मंग पाह्यलं तं भितीवरल्या माह्या लग्नातल्या हळदीच्या हाताच्या थाप्याइवर बोटं ठेवून बसले. दस्ता झाला तो असा आखूड का त्याइच्या बांबूवानी हातात पोराइचं खेळनं वाटे. त्यावर गालाच्या जागी लाकडाचा एक थर चढवला, कुबडावानी. मी म्हनलं, "हिऱ्या, ज्वारीचा काला झालाच होता, आता बंदुकीचाही झाला."

दस्त्याले जवसाचं तेल पाजून झालं, त्या सांजेले भासरे रायफल घेऊन वावरात आले. हिऱ्याले माळ्याखाली बांधलं. रायफल भरून माळ्यावर माह्यापुढं ठेवली आन् पाठ फिरवली.

"हिऱ्या, वर सांग. माह्या डोळ्यात पडदा आला. दोन साल झाले, मले तुहे शिंगंबी दिसत नाई."

मंग समजलं, लाकूड काऊन हुंगत होते.

"हिऱ्या, म्हन, खांद्याले घट्ट लावा. धक्का बसते."

लावली. बोट घोड्यावर आपोआप गेलं. गाल टेकवला आन् दुर्बिनीत सारा धुरा, वावराचा बांध, उभा राह्यला, डुकराइसकट. मान वाकवा लागली नाई, का हात तानावा लागला नाई. जलमात कोनी माह्या मापाची वस्तू केली नव्हती. चोळीबी लोकाची जुनी. बार काढला, कळप नाल्यापार. डुक्कर मेलं नाई, घरची रीत राखली.

"हिऱ्या," खालून आवाज आला, "पळाले काय?"

"हिऱ्या, पळाले म्हन."

त्या साली ज्वारी घरात आली.

आता भासरे नाई, हिऱ्या नाई, रायफल कचेरीत जमा झाली. मालक गेल्यापासून माहे गाल बसले होते, तेवढ्यासाठीच दस्त्यावरचा तो थर. पन पदराआडचं माहं तोंड त्याइनं कवाच पाह्यलं नाई, आन् पुढं तं डोळेच गेले. मंग गालाचं माप त्याइले कोनं सांगतलं? मी इचारलंच नाई. हिऱ्यालेबी नाई.