भोपळ्याचा दाखला

कवळीवाल्या बाईंचं आयुष्यात कोणाशी पटलं नाही, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. बावन्नाव्या वर्षी परदेशातल्या एका दातांच्या प्रयोगशाळेनं त्यांना बोलावून घेतलं ते हातातल्या कसबासाठी, स्वभावासाठी नव्हे. कवळीत दात असे बसवायच्या की बघणाऱ्यानं जिभेनं आपलेच दात चाचपून पाहावेत. जुन्या कामावरचे लोक मात्र त्यांना पाठीमागे 'अक्कलदाढ' म्हणत.

त्या परदेशी उतरल्या त्या दोन बॅगा आणि भोपळ्याला घेऊन. भोपळ्या म्हणजे अकरा वर्षांचा, जाडा, घोरणारा कुत्रा. कंपनीनं दिलेली तात्पुरती खोली महिनाअखेरीला सोडायची होती. तोवर घर मिळालं नाही तर भोपळ्याची रवानगी बेवारशी प्राण्यांच्या निवाऱ्यात, आणि तिथून असलं म्हातारं ध्यान कोण घरी नेणार?

सात घरं झाली. एकानं कुत्रा पाहून दारच लावून घेतलं. दुसरा म्हणाला, "जरा लहान असता तर चाललं असतं."

"तुमची अक्कल जरा मोठी असती तर मलाही चाललं असतं," बाई म्हणाल्या. गेलं तेही घर.

आठवं घर तळमजल्यावर होतं. दोन खोल्या, मागे हातभर अंगण. मालकीण वर राहायची. ही निवृत्त नर्स. माणसाकडे बघायची ती जणू आता सुई टोचणार.

"आधीच्या घरमालकाचं पत्र लागेल," ती म्हणाली. "कुत्रा घरात कसा राहतो त्याबद्दल. इथं सगळेच देतात. आणि त्यांनी ते परस्पर मला पाठवायचं. तुमच्या हातून आलेलं मी वाचणार नाही."

इथंच गाडं अडलं. आधीचा घरमालक म्हणजे बाईंचा सख्खा मोठा भाऊ. त्याच्याच घराच्या वरच्या मजल्यावर त्या भाड्यानं राहत होत्या, आणि गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींवरून दोन वर्षं दोघांत अबोला होता. निघतानासुद्धा किल्ली वहिनीच्या हातात ठेवून आल्या. पण करतात काय? फोन लावला.

"दादा, एक पत्र हवंय. इंग्रजीत, थेट घरमालकिणीच्या ईमेलवर. पत्ता पाठवलाय."

"दोन वर्षांत मेला की जगला विचारलं नाहीस."

"जगलायस, ऐकू येतंय. लिही, कुत्रा शांत आहे, दारं कुरतडत नाही."

"जिन्याचं दार त्यानंच कुरतडलंय."

"दादा!"

"चौतीस वर्षं मुख्याध्यापक होतो. आमदाराच्या पोराला खोटा दाखला दिला नाही मी, तुझ्या कुत्र्याला देऊ?"

मागून वहिनींचा आवाज आला, "कुत्र्यासाठी बरा फोन करता येतो! माणसं काय मेली होती?"

बाईंनी फोन आपटला. घर गेल्यात जमा होतं. त्या भोपळ्याच्या पुढ्यात बसल्या आणि त्यालाच दोन शिव्या हासडल्या.

चौथ्या दिवशी मालकिणीचं बोलावणं आलं. तिनं चष्मा चढवला आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली.

"'वर्तन समाधानकारक. पहिल्या वर्षी एक दार कुरतडले, नंतर नाही. भुंकणे फक्त टपालवाल्यावर, तेही सवयीने. स्वच्छता घरातील काही माणसांपेक्षा बरी.'" तिनं चष्म्यावरून पाहिलं. "पुढे तुमच्याबद्दल आहे."

"माझ्याबद्दल कोणी विचारलं होतं?"

"'भाडेकरू माझी धाकटी बहीण. उद्धट. चूक कबूल करत नाही. तथापि कुत्र्याला तिच्यापासून तोडल्यास ती कामाची राहणार नाही. सबब, घ्यायचे तर दोघांना घ्यावे, नाहीतर दोघांनाही घेऊ नये.'"

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं.

"कुत्र्याला माझी हरकत नाही," मालकीण म्हणाली. "तुमचंच काय करू?"

"हो म्हणा नाहीतर नाही म्हणा. कामावर एक वरचा जबडा अर्धवट टाकून आलेय."

"माझ्याशी रोज असंच बोलणार?"

"बोलायची वेळ आणलीत तर."

मालकिणीनं करारावर पेनानं एक ओळ वाढवली: टपालवाल्याची तक्रार आल्यास महिन्याभरात घर सोडावे. बाईंनी 'महिन्याभरात' खोडून 'तीन महिन्यांत' केलं. मालकिणीनं तिनाचे दोन केले आणि कागद त्यांच्याकडे सरकवला. बाईंनी सही केली. आभार कोणीच कोणाचे मानले नाहीत.

खाली येताच त्यांनी भावाला फोन लावला.

"उद्धट लिहिलंस मला."

"चूक असेल तर दुरुस्त करून पाठवतो."

"घर मिळालं."

"कुत्र्याच्या पुण्याईनं," असं म्हणून दादानं फोन ठेवला.

बाईंनी लगेच पुन्हा लावला. त्यानं "आता काय?" म्हटलं मात्र, फोन आधी ठेवायचा मान आपला म्हणून त्यांनी तो फटकन ठेवून दिला.