अबॉर्टनंतर आलेली ओळ

आधीच सांगते, असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हता... आणि आजही नाही. मला पटवायला कमेंटमध्ये येऊ नका.

मी सॉफ्टवेअर टेस्टर, रत्नागिरीत घरूनच काम करते. हातखंब्याजवळ आंब्याचा पल्प काढणारा एक कारखाना आहे. तिथल्या कोल्ड रूमचं तापमान सांभाळणारा प्रोग्राम आमच्या कंपनीचा. तो मध्येच कोसळला तर वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टिमवर कसा बंद पडतो, हे मला तपासायचं होतं. त्यासाठी तो मुद्दाम अबॉर्ट करायचा. अबॉर्ट म्हणजे जागच्या जागी खलास — आवराआवर नाही, निरोप नाही.

विंडोज आणि मॅकवर घरीच करून पाहिलं. ठीक होतं. लिनक्स कारखान्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर होतं, म्हणून दुपारी तिकडे गेले. सुपरवायझर दिनूकाका कोल्ड रूमला कुलूप लावून कामं आटपून चहाला बसले होते.

मी अबॉर्ट केलं. प्रोग्राम गेला, ते मी नीट पाहिलं. आणि मग स्क्रीनवर एक ओळ उमटली. अक्षरं इंग्रजी, पण शब्द मराठी — 'आत माणूस आहे'.

"काका, कोल्ड रूममध्ये कोण आहे?"

"कोण असणार बाय? तास झाला कुलूप घातलंय मी."

"उघडा."

"अगो, उगाच थंडी बाहेर जाईल—"

"उघडा म्हणते ना!"

रॅकच्या मागे पॅकिंगवाला सुनील अंग आखडून बसला होता. ओठ निळे, तोंडातून शब्द फुटेना. काकांनी त्याला उचलून उन्हात आणलं आणि स्वतःच रडायला लागले. सुनील वाचला. दार खूप बडवलं, म्हणाला... बाहेर काही ऐकू आलं नव्हतं. आत ना कॅमेरा, ना बटण.

अख्खा कोड धुंडाळला. ती ओळ कुठेच नाही. 'कोणीतरी गंमत केली' म्हणणाऱ्यांनो, त्या मशीनला नेटच नव्हतं! पुन्हा पुन्हा अबॉर्ट केलं, ओळ परत आली नाही.

कारखान्याचे मालक म्हणाले, "देवीला नारळ ठेवूया." मी म्हटलं, "आधी दाराला आतून उघडणारी कडी बसवा." बसवली.

बॉसचं वेगळंच. "ऋजुता, ती ओळ रिपोर्टमधून काढ. क्लायंटला काय सांगू मी?"

"दिसलं ते लिहिलंय, सर."

त्यांनी बगची नोंद 'मिटली' म्हणून बंद केली. मी परत उघडली. अजून तेच चाललंय आमचं. 'कारण' या रकान्यात मी 'माहीत नाही' लिहिलंय, आणि ते मी खोडणार नाही.