युद्धाचा तास

मुलं तिला पाठीमागे भिंगरी म्हणत. ती खुर्चीत बसून शिकवतच नसे. फळ्यापासून खिडकीपर्यंत आणि परत, अशा येरझाऱ्या. राज्यशास्त्र विभागात ती एकटीच बाई. प्रबंध लिहिला युद्ध आणि तहांवर, पण नोकरीला लागल्यापासून वेळापत्रकात तिच्या नावापुढे एकच विषय यायचा: स्त्रिया आणि राजकारण.

"तुमच्याशिवाय हे कोण शिकवणार?" विभागप्रमुख दरवर्षी म्हणत. माणूस वाईट नव्हता. तिच्या आईच्या आजारपणात त्यांनी न मागता रजा दिली होती. युद्धाचा विषय मागितला, की मात्र हसून चहा मागवायचे.

विषय तिला नकोसा नव्हता. आपण बाई म्हणून तो गळ्यात पडतो, हे सलायचं. घरी बोलली, तर नवरा म्हणाला, "पगार तोच आहे ना? मग कशाला डोक्याला ताप करून घेतेस?" ती अर्ध्या ताटावरून उठली.

युद्धाचा विषय होता एका नव्या प्राध्यापकाकडे. तोही वैतागलेला, कारण त्याचं संशोधन मतदार बायकांवर होतं. एकदा जिन्यात तो म्हणाला, "मॅडम, तुमचा तास मी घेऊ का? रणगाड्यांतलं मला ओ की ठो कळत नाही."

"आणि तुमचा?"

"तुम्ही घ्या. विचारत बसलो तर चहाच मिळेल."

दुसऱ्या दिवशी दोघांनी वर्ग बदलले. मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "मॅडम, वर्ग चुकला."

"नाही चुकला. लढाई थांबवायचं कोण ठरवतं, ते बघू आज." तास संपल्याची घंटा तिला ऐकूच आली नाही.

यथावकाश बिंग फुटलं. प्रमुख चिडले, पण मुलांची तक्रार नाही म्हटल्यावर गप्प बसले. तिची तगमग काही थांबली नाही. पुरुष असून बायकांचा विषय शिकवतो, म्हणून त्याचं कौतुक होऊ लागलं, बाहेरून भाषणाची बोलावणी आली. तिला मात्र सहकारी विचारत, "झेपतंय ना?"

तो ओशाळून म्हणाला, "तुम्ही नको म्हणालात, तर नाही जात."

"जा. पण मी इतकी वर्षं हेच शिकवत होते आणि मला कुणी बोलावलं नाही, एवढं तिथे सांगा."

त्याने खरंच सांगितलं. त्यावर टाळ्या पडल्या, त्याच्याच मोठ्या मनाला. हे त्यानेच येऊन सांगितलं, मान खाली घालून. तिला हसू आलं, आणि रागही.

पुढच्या वर्षी युद्धाचा विषय रीतसर तिच्याकडे आला. लगेच ती प्रमुखांच्या खोलीत. तहाच्या वाटाघाटींत बसलेली एकही बाई अभ्यासक्रमात नव्हती. त्यांच्यावर एक प्रकरण जोडायला हवं होतं.

"पुन्हा बायका?" ते म्हणाले. "मग तुमचा जुना विषय काय वाईट होता?"

तिने नवं प्रकरण टेबलावर ठेवलं आणि त्यांची सही होईपर्यंत तिथेच उभी राहिली.